हिवाळी चाकांची हवा

तीस वर्षं सिंगापुरात राहून ज्या माणसानं एकदाही गाडी घेतली नाही, त्यानं गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात टायरचा विषय आणला आणि तब्बल तीन महिने चालवला. हिवाळा अर्थात सिंगापूरचा नाही. इथे बाराही महिने एकच ऋतू असतो, आणि आमच्या घरातला एकुलता एक स्वेटर सिनेमाच्या थिएटरात घालायला ठेवलेला आहे. हिवाळा होता कॅनडातला, गाडी आमच्या मुलीची, आणि टायरचा विषय काढणारा माणूस माझा नवरा. तुला गाडीतलं काय कळतं, असं मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं. "गाडीतलं नाही, प्रेशरमधलं कळतं," असं उत्तर मिळालं, आणि ते खोटं म्हणता येईना.

जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये तो सत्तावीस वर्षं इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होता. कुठल्या टाकीत किती माल आहे, कुठल्या पाइपात किती दाब आहे, हे कंट्रोल रूममध्ये दाखवणारी शेकडो उपकरणं असतात. ती खरं बोलतायत की थापा मारतायत हे बघणं, हे त्याचं काम. पहाटे बिशानला आमच्या ब्लॉकजवळून कंपनीची बस, बेटाच्या नाक्यावर पास, संध्याकाळी सातला परत. मागच्या जूनमध्ये तो रिटायर झाला. पास परत देण्याआधी त्यानं त्याचा फोटो काढून ठेवला होता. तो फोटो त्यानं मला दोनदा दाखवला.

मग घरातल्या वस्तूंची पाळी आली. मी अजून बुओना व्हिस्टाला एका संशोधन संस्थेच्या ऑफिसात नोकरी करते, त्यामुळे दिवसभर घर त्याच्या ताब्यात. फ्रिजमध्ये तीन ठिकाणी थर्मामीटर लागले. कुकरच्या शिट्ट्या तो मोजायचा आणि दोन शिट्ट्यांमधलं अंतर सेकंदात सांगायचा. माझा वजनकाटा चुकीचा आहे, हे त्यानं पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवून सिद्ध केलं. चूक कुठल्या बाजूला होती ते मी इथे सांगणार नाही. आम्ही कॉलेजपासूनचे, त्यामुळे घरात अरे-तुरे चालतं; सासूबाई पुण्याहून राहायला आल्या की तेवढ्यापुरतं अहो. सासूबाई आल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला त्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं. अहो म्हटल्यावर तोंड जरा आवरतं.

मुलगी एकच. बिशानच्याच शाळेत शिकली, शिकायला कॅनडाला गेली, तिथेच विनिपेगला नोकरीला लागली. शहराबाहेर चाळीस किलोमीटरवर पाणी शुद्ध करण्याचं एक केंद्र आहे, तिथे तिला रोज जावं लागतं. त्यासाठी तिनं एक जुनी जपानी गाडी घेतली. तिचा तो गाडीसकटचा पहिलाच हिवाळा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिनं चाकं बदलून घेतली. तिथली ती रीतच आहे म्हणे. उन्हाळी चाकं काढून तळघरात ठेवायची, बर्फात घसरू नये म्हणून वेगळ्या टायरची हिवाळी चाकं लावायची, आणि एप्रिलमध्ये पुन्हा उलटं.

चाकं बदलली त्याच दिवशी तिच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. तिनं आमच्या तिघांच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. मला ते चित्र पसरट पातेल्यासारखं दिसलं, आत एक उद्गारचिन्ह. मला वाटलं इंजिन तापलंय. नवऱ्यानं चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि जूननंतर पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर कामाला निघाल्यासारखं तेज आलं.

त्यानं मला समजावलं ते असं. गाडीच्या प्रत्येक चाकात, आत रिमला, एक छोटा सेन्सर असतो. तो टायरमधली हवा मोजतो आणि रेडिओवरून गाडीला कळवतो. हवा कमी झाली की दिवा लागतो. तिचे सेन्सर उन्हाळी चाकांबरोबर तळघरात गेले. हिवाळी चाकांत सेन्सरच नाहीत. म्हणजे गाडी चारही चाकांना हाक मारतेय आणि एकही ओ देत नाही. मला हे पटकन कळलं. जेवायला हाका मारण्याचा माझा अनुभव दांडगा आहे.

"टायरवाला म्हणाला, इथे सगळे दिवा लागलेला ठेवूनच चालवतात, स्प्रिंगपर्यंत," मुलगी फोनवर म्हणाली. "तो म्हणाला, त्रास होत असेल तर वर टेप लाव. सो मी लावली. डन लाह." वाक्याला सिंगापुरी 'लाह'चं शेपूट लावायची तिची सवय कॅनडातही सुटलेली नाही.

"अलार्मवर टेप?" नवरा म्हणाला. मुलगी घरातून पळून गेली असती तरी त्यानं याहून वेगळा आवाज काढला नसता.

त्यानं जे पुढे सांगितलं, त्यात मात्र दम होता, हे मला मान्य करावं लागतं. दिवा कायमचाच लागलेला असेल, तर खरोखर एखाद्या टायरची हवा गेली तर वेगळं काय होणार? काहीच नाही. चाळीस किलोमीटरचा बर्फाळ हायवे, दोन्ही बाजूंना रिकामी शेतं, आणि आमची मुलगी सकाळी अंधारात एकटी. तेव्हापासून त्या पिवळ्या दिव्याची मलाही थोडी धास्ती वाटायला लागली. पण खरं सांगायचं तर माझी काळजी टायरपेक्षा जुनी होती. इतक्या लांब राहणाऱ्या मुलीचं खरंच कसं चाललंय, हे आम्हाला कळणार कुठून? ती सांगेल तेवढंच. आणि ती नेहमी चांगलंच सांगते.

प्लांटवर म्हणे अशी पद्धत असते: एखादा अलार्म काही काळ बंद ठेवायचा असेल, तर तो चोरून बंद ठेवायचा नाही. रजिस्टरमध्ये लिहायचं, सही करायची, त्यावर पिवळं कार्ड टांगायचं, आणि अलार्म पुन्हा सुरू होईपर्यंत कुणीतरी स्वतः जाऊन, डोळ्यांनी काटा बघून, आकडा टिपायचा. नवऱ्यानं कपाटातून एक जुनी डायरी काढली, पट्टीनं रकाने आखले आणि पहिल्या ओळीत मुलीच्या गाडीचा दिवा नोंदवला. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मी सही केली, कारण पोळ्या व्हायच्या होत्या.

मुलीनं हवा मोजायचं पेनाएवढं गेज आणलं. आमची रविवारची सकाळ म्हणजे तिची शनिवारची संध्याकाळ. दर शनिवारी गाडी दिवसभर उभी राहून थंड झाली की तिनं खाली पार्किंगमध्ये जायचं, चार टायरची हवा मोजायची आणि आकडे पाठवायचे, असं ठरलं. पहिल्या रविवारी आम्ही चहा पीत असताना मेसेज आला. पुढचे दोन चौतीस, मागचे दोन पस्तीस. खाली लिहिलं होतं: "सो कोल्ड, आय कॅन डाय. हॅपी?"

नवरा हॅपी होता. त्यानं आकडे डायरीत उतरवले आणि उरलेला चहा फार चवीनं प्यायला. ती रोज जेवते का, हे मला तिच्याकडून कळायला तीन मेसेज लागायचे, आणि ह्याला दर आठवड्याला न मागता चार आकडे. मला हेवा वाटला. मी तो बोलूनही दाखवला. "तू नेमकं विचारत नाहीस," तो म्हणाला. त्या दिवशी त्याला दुपारच्या जेवणात नेमकी दोडक्याची भाजी मिळाली. दोडका त्याला आवडत नाही.

पण काटा बघत बसणं हा तात्पुरता उपाय, कायमचा नव्हे. म्हणून हिवाळी चाकांसाठी सेन्सर घ्यायचे ठरले. नवऱ्याला ते तिथे दुकानात जाऊन घे, असं मुलीला सांगता आलं असतं. पण मग ह्यानं काय केलं असतं? एका शनिवारी आम्ही दोघं उबीला गेलो. तिथे एका मोठ्या इमारतीत मजल्यामागून मजले गॅरेजंच आहेत. एका दुकानात अर्ध्या चड्डीतले अंकल स्टुलावर बसून नूडल्स खात होते. नवऱ्यानं गाडीचं मॉडेल सांगितलं, साल सांगितलं. अंकलनी आत जाऊन चार डब्या आणल्या.

"कार आउटसाइड आह? आय फिक्स फॉर यू," अंकल म्हणाले.

"नो कार," नवरा म्हणाला.

अंकलनी काड्या खाली ठेवल्या. "नो कार, देन बाय फॉर व्हॉट?"

मी हसू दाबायला दुसरीकडे बघितलं. नवऱ्याचे कान लाल झाले. "डॉटर्स कार," एवढंच तो म्हणाला, पिशवी उचलली आणि चालायला लागला. ती डॉटर कुठल्या देशात आहे, हे त्यानं सांगितलं नाही, आणि अंकलना विचारायचं सुचलं नाही. एक साधं गेज मागवायचं तर हाताखालच्या लोकांकडून चार-चार पानं भरून घेणारा माणूस हा. त्या दिवशी डबीवर छापलेल्या दोन ओळीसुद्धा त्यानं वाचल्या नाहीत, कारण गाडी नसलेलं गिऱ्हाईक म्हणून त्याला लाज वाटली होती.

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातली एक मैत्रीण सुनेच्या बाळंतपणासाठी विनिपेगलाच निघाली होती. तिच्याबरोबर सेन्सर पाठवले. बॅटरी असते म्हणून ते हातातल्या सामानात हवेत, असं नवऱ्यानं बजावलं आणि सोबत उपकरणाची माहिती देणारं दीड पानी इंग्रजी पत्र दिलं. मैत्रिणीनं सेन्सर डिंकाच्या लाडवांच्या डब्याशेजारी ठेवले. वाटेत तिला एका विमानतळावर लाडवांबद्दल दहा मिनिटं समजावून सांगावं लागलं. सेन्सरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पत्र तसंच परत आलं, त्याला तुपाचा डाग पडला होता.

सेन्सर बसवले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या पँट्रीत डबा उघडत होते, तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिच्याकडे रात्र.

"आई, तू एकटी आहेस ना? बाबा नाहीत ना?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "काय झालं?"

"सेन्सर काम नाही करत. टायरवाला म्हणाला, हे दुसऱ्या फ्रिक्वेन्सीचे आहेत. इथली गाडी वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर ऐकते. सिंगापूरची मॉडेल्स वेगळी. दिवा तसाच आहे." मग आवाज खाली आणून: "प्लीज, बाबांना नको सांगू लाह. ही विल बी सो सॅड. मी सांगते त्यांना की दिवा गेला."

मी आधी हसले. पलीकडे कॉफी करणारी सहकारी वळून बघेपर्यंत हसले. सत्तावीस वर्षं जगातल्या उपकरणांच्या थापा पकडणाऱ्या माणसानं, सिंगापूरच्या गाडीचे सेन्सर लाडवांबरोबर कॅनडाला पाठवले होते. हे घरी जाऊन त्याला कसं सांगायचं, याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवायला घेतली. मग मला तो पासचा फोटो आठवला आणि ती वाक्यं मी गिळली. बरं, नाही सांगत, असं मी मुलीला म्हटलं. आम्हा दोघींना वाटलं, आपण किती समजूतदार.

त्या संध्याकाळी मुलीनं त्याला फोन केला. दिवा गेला, परफेक्ट, थँक यू बाबा. नवऱ्यानं डायरी काढली, नोंदीखाली 'अलार्म पूर्ववत' असं लिहून तारीख घातली, पुन्हा माझी सही घेतली. या वेळी सही करताना मी पोळ्यांचं नाव काढलं नाही. "आता तू हातानं मोजायची गरज नाही, थंडीत बाहेर जाऊ नकोस," असं त्यानं मुलीला स्वतःहून सांगितलं. तिलाही सुटल्यासारखं झालं असणार.

पुढचे काही आठवडे तो आमच्या घरातला सर्वांत सुखी माणूस होता. फ्रिजमधले दोन थर्मामीटर निघाले. कुकर मोकळेपणानं शिट्ट्या द्यायला लागला. मुलीचा फोन आला की तो लांबूनच विचारायचा, "दिवा?" ती म्हणायची, "नाही." तो मान डोलवायचा. मी बाजूला बसून गंमत बघायचे. नवऱ्याला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, यात एक सुख असतं. ते मी पुरेपूर घेतलं, खोटं कशाला बोलू.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, नाश्त्याला गेलो होतो. नवऱ्याचे तिथे एक मित्र आहेत, जन्मभर टॅक्सी चालवलेले एक चिनी अंकल. ते त्यांची कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन आमच्या टेबलावर येऊन बसतात. नवऱ्यानं फोनवर विनिपेगचं तापमान दाखवलं. उणे एकोणतीस. अंकल "वाह!" म्हणाले आणि कोपीचा कप दोन्ही हातांत धरला.

मग नवरा शिकवायला लागला. थंडी वाढली की टायरमधली हवा आकसते. पाच-सहा डिग्री उतरल्या की दाब एका अंकानं उतरतो. या आठवड्यात केवढी थंडी वाढली, म्हणजे चार-पाच अंक नुसत्या थंडीनंच गेले. "बट नाऊ नो वरी," तो म्हणाला, "एनी टायर गो डाउन, कार विल टेल हर."

"यू व्हेरी गुड फादर," अंकल म्हणाले.

माझ्या हातात नारळाचा जॅम लावलेला काया टोस्ट होता. तो खाली ठेवावा लागला. गाडी तिला काहीही सांगणार नव्हती. दिवा पहिल्या दिवसापासून लागलेलाच होता. आणि हवा मोजायचं तर ह्यानं स्वतःच बंद करायला सांगितलं होतं, कारण आम्ही त्याला सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. पूर्वी निदान कुणीतरी बघत होतं. आता कुणीच बघत नव्हतं, आणि त्याला जबाबदार मी. मी टेबलाखाली फोन धरून मुलीला विचारलं, हवा मोजतेस का? उत्तर लगेच आलं. "नो लाह आई, सो कोल्ड. गेज कुठे आहे तेपण आठवत नाही. टायर्स लुक फाइन. उद्या रविवारचीपण ड्यूटी आहे, लवकर साइटवर जायचंय."

"दिवा लागलेला आहे," मी म्हटलं.

नवऱ्यानं मान वर करून स्टॉलच्या पाटीकडे बघितलं. "कुठला?"

"तिच्या गाडीतला. गेलाच नव्हता. तुझे सेन्सर इथल्या फ्रिक्वेन्सीचे आहेत, तिथल्या गाडीला ते ऐकू येत नाहीत."

तो माझ्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्याला पुष्कळ बोलले आहे, पण त्याच्या डोळ्यांतून विश्वास असा उतरताना मी पाहिला नव्हता. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"कधीपासून माहीत आहे?"

"बसवले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग हवा कोण बघतंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

तो उठला. त्याही स्थितीत त्यानं आमचे ट्रे उचलून जागेवर नेऊन ठेवले; इथे राहून ती सवय हाडात जाते. मग तिथेच, भांड्यांच्या खडखडाटात उभा राहून त्यानं मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

"गेज शोध आणि खाली जा. आत्ता."

"बाबा, मायनस ट्वेंटी-नाइन आहे, आणि सेन्सर तर..." तेवढ्यात तिला त्याच्या खांद्यामागे मी दिसले. "आई!"

"हो, मी सांगितलं," मी म्हटलं.

गेज ड्रॉवरमध्ये सापडलं. तिनं कोट चढवला, बूट चढवले, लिफ्ट उतरली. पार्किंगमधला पिवळा उजेड आणि वाऱ्याचा आवाज आला. अंकलनी शेजारच्या टेबलाजवळून एक स्टूल ओढून माझ्यामागे ठेवलं, पण मला बसवेना. पुढचा डावा, एकतीस. पुढचा उजवा, तीस. मागचा उजवा, एकतीस. मग तिनं फोन बर्फावर ठेवला असावा, स्क्रीन काळी झाली आणि बराच वेळ तिचा नुसता श्वास ऐकू आला.

"मागचा डावा?" नवऱ्यानं विचारलं.

"थांबा, परत घेते."

तिनं परत घेतला. सतरा. पस्तीस हवे होते तिथे सतरा. पुढे दुकानात कळलं, की सेन्सरबरोबर बसवलेला तो व्हॉल्व्हच कडक थंडीत हवा सोडत होता. म्हणजे आमच्याच प्रेमाच्या भेटीतून गळती. पण हे नंतरचं.

"उद्या किती वाजता निघणार होतीस?"

"साडेसहाला."

"हायवेनं?"

"हो."

स्टुलावर मग तो बसला. गाडी हलवू नकोस, उद्या येत नाही म्हणून ऑफिसला कळव, गाडीवाल्या लोकांना बोलावून चाक दुरुस्त करून घे, हे सगळं त्यानं शांतपणे एकेक करून सांगितलं आणि तिच्याकडून परत म्हणून घेतलं. सॉरी बाबा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी असं म्हटलं, तुम्ही एवढं केलं होतं, असं काहीबाही ती बोलत होती.

"हे बघ," तो म्हणाला. "मी रिटायर झालोय, नाजूक नाही झालो. चूक माझी होती. डबीवर लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. ते मला सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काढलेला आकडा मला नको. वाईट असेल तर वाईट सांग. वाईट आकड्याचं काहीतरी करता येतं." मग माझ्याकडे न बघता: "हे दोघींनाही."

मला फार लाज वाटली. थट्टा करायचा हक्क मी तीस वर्षं वापरला आहे, आणि तो मला हवाच आहे. पण ज्याची थट्टा करतो त्याला खरं झेपणार नाही, असं ठरवून टाकणं ही थट्टा नव्हे. तसं मी त्याला त्याच वेळी, अंकलच्या देखत म्हटलं. चुकलं माझं. अंकलना मराठी येत नाही, पण ते उठून तिघांसाठी पुन्हा कोपी सांगायला गेले.

मुलगी एव्हाना गाडीत जाऊन बसली होती. हीटर लावण्यापुरतं इंजिन चालू केलं होतं. काम झालं होतं, तरी ती फोन ठेवत नव्हती. डॅशबोर्डचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता.

"बाबा," ती म्हणाली, "वाईट आकडा कुठलाही चालेल?"

"कुठलाही."

"मला इथे बरं वाटत नाहीये."

नवऱ्यानं फोन दोन्ही हातांत धरला. मी खाली वाकून त्याच्या डोक्याशी डोकं लावलं, म्हणजे तिला आम्ही दोघं दिसू. तिनं सांगितलं. चाकं बदलली त्याच सुमाराला सुरू झालं. साइटवरून परत आली की ती वर जात नाही, इथेच पार्किंगमध्ये गाडीत बसून राहते, कधी कधी तासभर, कारण वर गेल्यावर पुन्हा कामावर जाईपर्यंत बोलायला कुणी नसतं. बरोबर राहणारी मैत्रीण ऑक्टोबरात दुसऱ्या शहरात गेली, ते तिनं आम्हाला सांगितलंच नव्हतं. रात्री बऱ्याचदा ती जेवत नाही, नुसता चहा. हे सगळं ती मराठीत बोलली. मधे एकदाही लाह आला नाही.

माझ्या तोंडात शंभर गोष्टी आल्या. डबा भरून ठेवत जा, मंडळात जा, योगाला जा. नवऱ्यानं माझा हात दाबला आणि मी गप्प बसले. त्यानं स्वतःही काही उपाय सांगितला नाही. ज्या माणसाला कुकरच्या शिट्टीवर उपाय सांगितल्याशिवाय राहवत नाही, तो माणूस तिचं बोलणं संपेपर्यंत नुसता ऐकत बसला. मग म्हणाला, "सांगितलंस ते बरं केलंस."

"आम्ही येऊ का?" मी विचारलं.

हा प्रश्न मी तिला दर दिवाळीला, दर वाढदिवसाला विचारत आले आहे. कशाला, तुम्हाला थंडी झेपणार नाही, मला सुट्टी नाही, मी ठीक आहे ना, हे उत्तर तिच्याकडे तयार असतं, आणि मी ते दरवेळी खरं मानून घेतलं होतं. या वेळी तिनं हातमोज्यानं नाक पुसलं.

"कधी येताय?" ती म्हणाली.